उत्सव गावाचा, रात्र घराची

(डोंबिवलीतील एका व्याख्यानमालेत मांडलेल्या विचारांचे संपादित शब्दांकन)

व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेत राष्ट्र, धर्म, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय असतात. त्यांच्या पंगतीत 'रात्रीचा गोंगाट' हा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. हा तर सोसायटीच्या सभेत बोलायचा, फार तर वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारात छापायचा विषय, असेही कुणाला वाटले असेल. परंतु तीन दशकांहून अधिक काळ शहरांच्या बातम्या लिहिताना माझी एक धारणा पक्की होत गेली. एखादा समाज किती सुसंस्कृत आहे, हे त्याच्या सभागृहातील भाषणांवरून कळत नाही. रात्री अकरा वाजता तो आपल्या शेजाऱ्याशी कसा वागतो, यावरून ते कळते.

आपल्या जुन्या वस्त्यांना आज नवे वैभव येत आहे. त्याचा आनंदच आहे. पण त्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसाला रात्री शांत झोप लागत नसेल, तर ते वैभव फार काळ टिकणार नाही. कारण वस्ती म्हणजे दगड-विटा नव्हेत. वस्ती म्हणजे तिथे राहणारी कुटुंबे. ती निघून गेली की मागे उरते ती केवळ बाजारपेठ. मला आज एवढेच सांगायचे आहे. आणि ते सांगण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. उदाहरण आपल्या अंगणातच आहे.

फडके रोडचे वैभव

डोंबिवली पूर्वेचा फडके रोड हा आपल्या शहराचा मानबिंदू. रस्ता म्हणून पाहिले तर तो फार मोठा नाही. पण त्याच्या टोकाला ग्रामदैवत श्रीगणेशाचे मंदिर आहे, आणि या मंदिराच्या संस्थानाची स्थापना १९२४ सालची आहे. म्हणजे एका शतकाची परंपरा या रस्त्याच्या पाठीशी उभी आहे. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारख्या साहित्यिकांनी ज्या गावाला आपले घर मानले, १९६४ साली औद्योगिक वसाहत आल्यानंतर जे झपाट्याने वाढले, सकाळच्या लोकलला लटकून मुंबईला जाणाऱ्या आणि रात्री थकून परतणाऱ्या चाकरमान्यांनी जे उभे केले, त्या गावाचा हा जुना गाभा आहे.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान करावे, नवे कपडे घालावेत, गणपतीचे दर्शन घ्यावे आणि मग रस्त्यावर मित्रमैत्रिणींना भेटावे, ही येथील तरुणाईची रीत. ती कोणत्या मंडळाने ठराव करून सुरू केली नाही. तिची निमंत्रणपत्रिका कधी निघाली नाही. देवळातून बाहेर पडलेली मुले रस्त्यात थांबली, बोलत राहिली, आणि त्यातून एक परंपरा घडली. नोकरीनिमित्त बंगळुरू-पुण्याला गेलेला, परदेशी स्थायिक झालेला डोंबिवलीकर आजही दिवाळीला घरी आला की त्याची पावले फडके रोडकडे वळतात. शहराला शहरपण देणाऱ्या गोष्टी अशाच असतात. त्या योजून होत नाहीत, जपाव्या मात्र लागतात.

पुढे या गर्दीवर अनेकांची दृष्टी गेली. जिथे तरुण जमतात तिथे फलक लागतात, फलक लागले की मंच उभारला जातो, मंच आला की ध्वनिक्षेपकाच्या भिंती येतात. मग एका मंचाचा आवाज दुसऱ्या मंचाला जिंकू पाहतो. जी परंपरा मित्राच्या खांद्यावर हात ठेवून गप्पा मारण्यातून जन्माला आली, तिच्यातच शेजारी उभ्या असलेल्या मित्राचे बोलणे ऐकू येईनासे झाले, तर त्याला परंपरेचा विकास म्हणायचे की विपर्यास?

आता हा रस्ता दिवाळीच्या पलीकडेही पाहा. जुने वाडे, चाळी, दुमजली इमारती जाऊन त्या जागी नव्या इमारती येत आहेत. तळमजल्यावर दुकाने, उपाहारगृहे, वर बिऱ्हाडे. एकाच भिंतीच्या खाली एकाचा व्यवसाय आणि वर दुसऱ्याचे अंथरूण. हॉटेल बंद झाले तरी त्याच्या दारात उभ्या दुचाकी, त्यांचे फाटके सायलेन्सर, मोठ्याने चालणाऱ्या गप्पा आणि मध्यरात्री बारा वाजता भर रस्त्यात साजरे होणारे वाढदिवस बंद होत नाहीत. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणाला पहाटेची पाच-साडेपाचची लोकल गाठायची असते, कुणाच्या मुलीची बारावीची परीक्षा असते, कुणी वृद्ध रक्तदाबाची गोळी घेऊन कूस बदलत असतो. त्यांनी तक्रार कोणाकडे करायची? आणि कोणाविरुद्ध? खाली ओरडणारा मुलगा पुष्कळदा त्यांच्याच ओळखीचा असतो. किंबहुना कधी कधी तो त्यांच्याच घरचा असतो. या प्रश्नातली खरी अडचण हीच आहे. येथे 'ते' आणि 'आपण' अशी सोपी विभागणी होत नाही.

जुन्या वस्तीचे नवे दिवस

हे केवळ डोंबिवलीचे नाही. ठाण्याची तलावपाळी पाहा. मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचे प्राचीन देवस्थान, जवळच जांभळी नाक्याची जुनी बाजारपेठ, १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन. हा ठाण्याचा सांस्कृतिक गाभा. तलावाचे सुशोभीकरण झाले, फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रोडवर तरुणाईचा पूर येऊ लागला. कल्याणात काळ्या तलावाचा परिसर नव्याने सजला. ही कामे चुकीची आहेत, असे मी म्हणणार नाही. ज्या तलावांकडे कधी पाठ फिरवली होती, त्यांच्याकडे माणसे तोंड करून बसू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. रात्री रस्त्यावर वर्दळ असली तर उशिरा घरी परतणाऱ्या मुलीला धीर वाटतो. हातगाडीवाल्याचे घर त्या गर्दीवर चालते. लहान घरांत राहणाऱ्या तरुणांना चार घटका मोकळे बसायला जागा हवीच. हे सर्व मान्य केल्याशिवाय गोंगाटाबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

परंतु वर्दळ वेगळी आणि उच्छाद वेगळा. मुंबईच्या गिरणगावाने हा फरक फार महागात शिकवला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ज्या आवारांत भोंग्यावर दिवस सुरू होत असे, तेथे कचेऱ्या, उपाहारगृहे, पब आले. भोवतालच्या चाळींत मात्र गिरणी कामगारांचीच मुले-नातवंडे राहत होती. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील पबला आग लागली आणि चौदा जणांचे प्राण गेले. ती दुर्घटना गोंगाटाची नव्हती, हे खरे. पण जुन्या वास्तूत नवा रात्रव्यवसाय आणताना नियम कागदावर आणि व्यवहार वाऱ्यावर सोडला की काय होते, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. जेथे अग्निसुरक्षेच्या नियमांकडे कुणी पाहत नाही, तेथे डेसिबल कोण मोजणार?

पुढे जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईत दुकाने, मॉल, उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची मुभा दिली. त्या निर्णयावर बरीच चर्चा झाली, राजकारणही झाले. त्यातील एक तपशील मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. ही मुभा निवासी नसलेल्या भागांसाठी, बंदिस्त आवारांसाठी होती. म्हणजे रात्रीचा व्यवसाय आणि रात्रीची झोप एकाच छपराखाली नांदू शकत नाहीत, हे धोरणकर्त्यांनीच मान्य केले होते. आपल्या डोंबिवली-कल्याण-ठाण्याच्या जुन्या भागांत मात्र ही दोन्ही एकाच छपराखाली आहेत. त्यामुळे मुंबईचे अनुकरण करण्यापूर्वी आपण आपल्या वस्तीची घडण ध्यानात घ्यायला हवी.

जगात काय घडते आहे?

पाश्चात्त्यांना रात्रजीवनाचे वावडे नाही. तेथे सर्व काही चालते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. युरोपातील अनेक शहरांनी आपले जुने गाभे दुरुस्त केले, दगडी रस्ते उजळले, पर्यटक आणले. आणि मग त्या गल्ल्यांतील रहिवाशांनीच न्यायालयाचे दार ठोठावले. इटलीतील ब्रेशिया शहरात कार्मिने नावाची जुनी वस्ती आहे. तेथील मद्यालयांबाहेर रात्री उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या गर्दीचा त्रास असह्य झाल्यामुळे एका कुटुंबाने आपल्या नगरपालिकेवरच दावा लावला. २०२३ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने पालिकेची जबाबदारी मान्य केली. रस्ता पालिकेचा आहे. त्या रस्त्यावरून येणारा आवाज सहनशक्तीच्या पलीकडे जात असेल आणि पालिका स्वस्थ बसत असेल, तर तिला नुकसानभरपाईच्या दायित्वातून सुटता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. इटलीतच तोरिनो शहरात, मुख्य रेल्वे स्थानकालगतच्या सान साल्व्हारियो या जुन्या वस्तीतील रहिवाशांनीही असाच लढा दिला. स्थानकालगतची जुनी वस्ती, अरुंद रस्ते, खाली दुकाने, वर घरे! वर्णन ओळखीचे वाटते ना?

इंग्लंडने २०१८ मध्ये आपल्या नियोजन धोरणात एक साधे तत्त्व घातले. त्याआधी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने ते स्वीकारले होते. जो नंतर येतो आणि बदल घडवतो, त्याने त्या बदलाचा भार उचलायचा. जुन्या संगीतगृहाशेजारी कुणी नवी इमारत बांधली, तर आवाज अडवणाऱ्या खिडक्या बांधणाऱ्याने बसवायच्या. संगीतगृह बंद करा, असे म्हणायचे नाही. मला हे तत्त्व आपल्या न्यायबुद्धीला पटणारे वाटते. देवळाची घंटा, सायंकाळची आरती, कल्याण गायन समाजासारख्या जुन्या संस्थेतील मैफल यांच्या शेजारी जो आज राहायला आला, त्याने त्यांच्याविरुद्ध कागाळी करणे जसे योग्य नव्हे, तसेच पन्नास वर्षे शांत नांदलेल्या वस्तीत आज जो गच्चीवरचे हॉटेल काढतो, त्याने आधी आपला आवाज आपल्या चार भिंतींत कोंडायची व्यवस्था करावी. न्याय दोन्हीकडे सारखा.

आवाजाचे गणित

आता थोडे शास्त्र. डेसिबल हे माप नेहमीच्या बेरजेने चालत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, आणि आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ४५ वरून ७५ वर गेलो तर 'तीसच वाढले' असे नव्हे. तीव्रता हजारपट झाली. अरुंद रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच इमारती असतील, तर आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत वर चढतो. म्हणूनच फडके रोडसारख्या रस्त्यावर खाली लावलेला ध्वनिक्षेपक चौथ्या मजल्यावरही आपल्याच दिवाणखान्यात असल्यासारखा वाटतो.

डीजेचा, आपल्याकडे सर्रास 'डॉल्बी' म्हणतात त्या यंत्रणेचा, मुख्य त्रास तिच्या खर्जाच्या ठोक्यांचा आहे. हे ठोके खिडकी बंद केली तरी भिंतीतून येतात. छातीत धडधडते, काचा थरथरतात. गंमत अशी, की आवाज मोजण्याची जी रूढ पद्धत आहे ती मानवी कानाच्या संवेदनेनुसार बेतलेली असल्यामुळे या खर्जाला कमी महत्त्व देते. म्हणजे यंत्रावरचा आकडा मर्यादेजवळ दिसतो आणि वरच्या मजल्यावरचा आजारी माणूस मात्र तळमळत असतो. आकडा खोटा नसतो, पण पुरेसाही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत घराबाहेरील सरासरी ४० डेसिबलची मर्यादा सुचवली. २०१८ च्या तत्त्वांत तिने वाहने, रेल्वे, विमाने यांच्या जोडीला करमणुकीच्या आवाजाचाही स्वतंत्र विचार केला. झोपलेल्या माणसाचे कान झोपत नाहीत. तो जागा झाला नाही तरी त्याचे हृदय आणि रक्तदाब त्या आवाजाला प्रतिसाद देत राहतात. 'आजोबांना सवय झाली आहे' हे आपले समाधान आजोबांच्या हृदयाला ठाऊक नसते.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम देशात फेब्रुवारी २००० मध्ये लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा त्यांनी घातली. रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार धार्मिक-सांस्कृतिक उत्सवांसाठी सूट देऊ शकते. पण ती दहा ते बारा या दोन तासांपुरतीच. येथे एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात आणून देतो. सकाळी सहापर्यंत कायद्याच्या दृष्टीने रात्रच असते. म्हणजे दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचा ध्वनिक्षेपक पाच वाजता सुरू झाला, तर या सुटीचे छत्र त्याच्यावर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले, की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळेच ऐकवण्याचे स्वातंत्र्य येत नाही. आपल्या ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवांतील गोंगाटाविरुद्ध चिकाटीने न्यायालयीन लढा दिला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या याचिकेवर सविस्तर निकाल दिला. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती केली. राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही, अशी ती दुरुस्ती. शिक्षेची तरतूदही बदलली. पूर्वी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तुरुंगवास होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, एप्रिल २०२४ पासून, त्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला.

कायदा आहे, निकाल आहेत. मग गोंगाट का थांबत नाही? कारण तक्रार करणारा एकटा असतो. त्याला भीती असते, की आपले नाव बाहेर गेले तर उद्या सोसायटीच्या जिन्यात, मंडळाच्या वर्गणीच्या वेळी आपल्याला ऐकावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला येथील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल देताना ही भीती ओळखली, आणि तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे बजावले. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच आपल्या समाजाच्या प्रकृतीचे निदान आहे.

'आमच्याच सणांवर का?'

आता मी त्या प्रश्नाकडे येतो, जो आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर आहे. 'सगळे नियम हिंदूंच्याच सणांना का?' हा प्रश्न मी टाळणार नाही. प्रशासनाने काही ठिकाणी डोळे वटारले आणि काही ठिकाणी मिटले, असा अनुभव लोक सांगतात. त्यांची भावना धुडकावून लावणे योग्य नाही. परंतु न्यायालयांचा इतिहास पाहा. ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना करणे हा धर्माचा भाग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ज्या खटल्यात सांगितले, तो चेन्नईतील एका चर्चविरुद्धचा होता. २०२५ चा कुर्ल्याचा खटला मशिदींवरील भोंग्यांबाबतचा होता, आणि ध्वनिक्षेपक हे कोणत्याही धर्माचे आवश्यक अंग नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. कायद्याचा कान धर्म विचारत नाही. विचारतो तो अंमलबजावणी करणारा माणूस, आणि त्याला समान वागायला लावायचे असेल, तर मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. आपल्या मंडळाच्या भिंती रात्री अकराला दणाणत असताना दुसऱ्याच्या भोंग्याविरुद्ध दिलेल्या निवेदनाला वजन येत नाही. जो समान कायद्याचा आग्रह धरतो, त्याने तो प्रथम स्वतःला लावून घ्यावा. हा दुबळेपणा नव्हे. नैतिक बळ याच मार्गाने मिळते.

शिवाय प्रश्न आपल्या परंपरेच्या प्रतिष्ठेचाही आहे. लोकमान्यांनी १८९३-९४ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा त्याचा प्राण व्याख्याने, कीर्तने आणि मेळे हा होता. मेळ्यांतील पदे लोकांच्या तोंडी बसत. १९१० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने मेळ्यांवर बंधने घातली. का? कारण त्यांचे शब्द ऐकू येत होते, आणि ते शब्द सरकारला झोंबत होते. आजच्या डीजेच्या भिंतीतून एक तरी शब्द धड ऐकू येतो का? ज्या उत्सवातला शब्दच हरवला, त्याची कोणत्या सत्तेला भीती वाटणार?

ढोल-ताशांची गोष्ट निराळी आहे. ते मराठी मातीचे वाद्य, आणि डीजेला पर्याय म्हणून अनेक पथकांनी ते परिश्रमपूर्वक पुढे आणले. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांच्या वादकसंख्येवर तीसची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा अनेकांना समाधान वाटले. मलाही वाटले. पण स्थगिती मिळाली म्हणून जबाबदारी संपली नाही. मिरवणूक एका दिवसाची असते, सराव कित्येक आठवड्यांचा असतो. तो वस्तीपासून दूर मैदानावर आणि ठरल्या वेळेत संपवायचा, की घरांच्या खिडक्यांखाली रात्री साडेनऊपर्यंत ताणायचा, हे पथकाने स्वतः ठरवायचे आहे. न्यायालयाने सांगावे लागते तेथे दंड असतो. स्वतःहून पाळले तर ती शिस्त होते. संघटनेत वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

आपण काय करावे?

केवळ हळहळ व्यक्त करून निघून जाण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही. काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट फडके रोडची. दिवाळीचा मेळावा तरुणांचाच राहू द्यावा. मंच आणि ध्वनिक्षेपकांशिवाय तो सुरू झाला, त्यांच्याशिवायच तो अधिक शोभतो. गाणे ऐकवायचे असेल तर एखादा गायक, तबला, पेटी आणि ऐकू इच्छिणारे लोक, बस्स. आपले कार्यकर्ते सर्व पक्षांत, सर्व मंडळांत आहेत. त्यांनी एकत्र बसून हे ठरवले तर पोलिसांना नोटिसा काढाव्या लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट परवान्यांची. जुन्या निवासी इमारतीत किंवा तिच्या गच्चीवर उपाहारगृहाला परवानगी देताना आवाज रोखण्याची व्यवस्था, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि बंद होण्याची वेळ या अटी महानगरपालिकेने घालाव्यात. पुनर्विकासाच्या करारावर सही करणाऱ्या सोसायट्यांनीही तळमजल्यावर काय येणार, हे आधी लिहून घ्यावे. चटईक्षेत्र किती मिळेल, हे आपण दहा वेळा विचारतो. झोप किती मिळेल, हे कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट, एकट्याने तक्रार करण्याऐवजी पाच-सात घरांनी मिळून आधी बोलायला जावे. भांडायला नव्हे. हॉटेलमालक हा शत्रू नाही, तोही आपल्याच गावात धंदा करतो आहे. बहुतेक वेळा ध्वनिक्षेपकाचे तोंड फिरवणे, खर्ज कमी करणे, रात्री दहानंतर बाहेरच्या खुर्च्या आत घेणे एवढ्याने निम्मे काम होते. बोलून झाले नाही, तर ११२ क्रमांक आहे आणि न्यायालयाचा आदेशही पाठीशी आहे.

चौथी गोष्ट घरची. आपला मुलगा मध्यरात्री कुणाच्या खिडकीखाली केक कापतो आहे, हे आई-वडिलांनी विचारावे. दटावून नव्हे. त्याला एवढेच सांगावे, की ज्या खिडकीखाली तू उभा आहेस, तिच्या आत कुणाचे तरी आजोबा आहेत. आजच्या पिढीला दोष देणे सोपे आहे. तिला शेजारधर्म शिकवणे हे आपले काम होते आणि आहे. त्याच बरोबर तिला मोकळे बसायला, गाण्या-वाजवायला जागा मिळावी, मैदाने आणि सभागृहे परवडणाऱ्या दरात खुली असावीत, हा आग्रहही आपणच धरला पाहिजे. सर्व दारे बंद करून 'रस्त्यावर का येता' असे विचारण्यात अर्थ नाही.

नमुना डोंबिवलीनेच द्यावा

बंधू-भगिनींनो, हे होईल का, अशी शंका कुणाच्या मनात असेल, तर मी त्यांना १९९९ सालाची आठवण करून देईन. गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढावी, ही कल्पना आबासाहेब पटवारी यांनी मांडली आणि गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने ती याच गावात साकारली. पारंपरिक वेश, चित्ररथ, लेझीम, संस्थांचा सहभाग, आणि सारे सकाळच्या उजेडात. कुणाच्या झोपेवर घाला न घालता हजारो लोक रस्त्यावर येऊ शकतात, हे डोंबिवलीने दाखवले. पाहता पाहता ठाणे, गिरगाव आणि महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी ती प्रथा उचलली. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती. चांगला नमुना समोर होता, एवढेच.

जुन्या वस्तीत उत्सवही हवा आणि झोपही हवी, या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आज मुंबईपासून इटलीपर्यंत सर्वांना पडला आहे. न्यायालये त्यावर निकाल देतील, सरकारे नियम करतील. पण निकालाने रस्ता शांत होतो तो त्या दिवसापुरता. कायमचा शांत होतो तो तेथील माणसांनी ठरवल्यावर. पाव शतकापूर्वी दिवस कसा साजरा करावा, याचा नमुना या गावाने महाराष्ट्राला दिला. रात्र कशी राखावी, याचाही द्यावा. येत्या दिवाळीपूर्वी फडके रोडवरच्या मंडळांची, दुकानदारांची आणि रहिवाशांची एक बैठक बोलवा. तिचा पहिला विषय ध्वनिक्षेपक असू द्या, आणि पहिल्या रांगेत त्या रस्त्यावर रात्री झोपणारी माणसे असू द्या.